पट्टी आणि पदवी: अडत दुकानात लागलेल्या एका बी.कॉम. पदवीधराचं प्रकरण

जुलै 2023. तृतीय वर्ष बी.कॉम.चा निकाल लागला होता आणि मुलं गुणपत्रिका, टीसी न्यायला येत होती. कार्यालयाच्या खिडकीपाशी अभिप्रायाचे छापील फॉर्म ठेवलेले. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला लागतात. 'अभ्यासक्रम व्यवसायाभिमुख होता का?', 'महाविद्यालयाने करिअरची तयारी करून घेतली का?' असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन. फॉर्म भरल्याशिवाय टीसी हातात पडत नव्हता, म्हणून सगळ्यांनी डोळे झाकून 'अति उत्तम'वर खुणा केल्या. ज्या मुलाचं हे प्रकरण आहे, त्यानेही केल्या. बाहेर व्हरांड्यात मी उभा होतो. पाया पडला. मी सहज विचारलं, "मग, काय शिकलास तीन वर्षांत?"

तो हसला. "खरं सांगू का सर? काहीच नाही."

फॉर्म फायलीत गेला. तोंडी उत्तर माझ्या डोक्यात राहिलं, कारण त्या तीन वर्षांतले अकाउंट्सचे बहुतेक तास मीच घेतले होते. पुढे अडीच वर्षं मी त्याच्याशी आणि त्याच्या वर्गातल्या आणखी दोघांशी अधूनमधून बोलत राहिलो. वर्गात साठ-सत्तर मुलं होती, त्यातली ही तीन. त्यामुळे यातून कुणी टक्केवारी काढू नये. नावं, महाविद्यालय, दुकान मुद्दाम सांगत नाही. गाव लातूर-बार्शी पट्ट्यातलं, तालुक्याचं; बाजार समिती मोठी, आवक तुरीची आणि सोयाबीनची.

ही कोणती तुकडी होती हे आधी सांगायला हवं. बारावीचा शेवटचा पेपर देऊन ही मुलं घरी गेली आणि टाळेबंदी लागली. 2020-21 चं प्रथम वर्ष मोबाइलवर झालं. परीक्षाही मोबाइलवर, चार पर्यायांतून एक निवडायची. अकाउंट्ससारखा विषय, ज्यात पोरगं चुकीच्या बाजूला आकडा लिहितं, बेरीज जुळत नाही, मग पान फाडून पुन्हा सुरुवात करतं, तो विषय या मुलांनी एकही खातं न आखता पार केला. हा मुलगा शेतात लिंबाखाली बसून तास ऐकायचा, कारण घरात रेंज नव्हती. कन्साइनमेंटचं प्रकरण मी तेव्हाच शिकवलं. दर वर्षीसारखंच: मुंबईच्या एका व्यापाऱ्याने लंडनच्या एजंटाकडे माल पाठवला, एजंटाने आगाऊ रक्कम पाठवली, माल विकला, खर्च आणि कमिशन वजा करून हिशेब कळवला. परीक्षेत प्रश्न आला, 'डेल क्रेडेरे कमिशन कशासाठी देतात?' पर्याय क, उधारीची जोखीम घेतल्याबद्दल. त्याचं उत्तर बरोबर होतं. त्याने मला नंतर सांगितलं की उत्तर गुगलवर शोधलं होतं. मला आश्चर्य वाटलं नाही.

निकालानंतर त्याने गावातल्याच एका क्लासला तीन महिने टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकून घेतलं आणि नोव्हेंबरात मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात लागला. पगार महिना 8,000 रुपये. मालकांना माणूस हवा होता तो सीएंमुळे. सीएंच्या ऑफिसने सांगून टाकलं होतं की चोपड्यांचे गठ्ठे आता चालणार नाहीत, टॅलीचा डेटा पाठवा. दुकानातले दिवाणजी सत्तरीकडे झुकलेले, जुनी मॅट्रिक. रोजमेळ आणि खतावणी हाताने लिहिणारे. कम्प्युटरकडे पाहायचे, पण त्याच्यासमोर बसायचे नाहीत.

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, तो मला यार्डाच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. अंगावर तुरीचा भुसा. "सर, तीन वर्षांच्या कॉलेजपेक्षा तीन महिन्यांचा क्लास कामाला आला," तो म्हणाला. त्याचा हिशेब साधा होता. एफ-8 दाबलं की विक्री, एफ-9 दाबलं की खरेदी, एफ-5 पेमेंट, एफ-7 जर्नल. रोज हेच लागतं. कॉलेजमध्ये यातलं काय होतं? मी मान डोलावली. खरं तर मला राग आला होता, पण उत्तर नव्हतं.

प्रकरणाचा गाभा पुढच्या सहा आठवड्यांत आहे.

अडत दुकानाचं काम कसं चालतं ते माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. शेतकरी माल आणतो, अडत्याच्या दुकानापुढे ढीग लागतो, सौदा निघतो, खरेदीदार म्हणजे बहुधा डाळमिलवाला किंवा साठवणूकदार बोली लावतो. माल तोलला जातो आणि अडत्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, देतो. समजा 12 क्विंटल तूर, दर 9,000, म्हणजे 1,08,000 रुपये, हमाली-तोलाई 500 वजा, पेरणीच्या वेळी घेतलेली 20,000 ची उचल वजा, हातात 87,500. खरेदीदाराचे पैसे पंधरा-वीस दिवसांनी आले तरी शेतकऱ्याला अडत्या आधी देतो. मधली जोखीम त्याची.

मुलाने टॅलीत काय केलं? क्लासमध्ये शिकवलं होतं की माल आला की खरेदी, गेला की विक्री. टॅलीत 'पट्टी' नावाचं व्हाउचर नसतं. त्याने प्रत्येक पट्टी एफ-9 ला शेतकऱ्याकडून खरेदी म्हणून टाकली आणि एफ-8 ला मिलवाल्याला विक्री म्हणून. दोन्ही बाजू जुळत होत्या, ताळेबंद हिरवागार. एकही नोंद 'चुकलेली' नव्हती.

मार्चमध्ये डेटा सीएंच्या ऑफिसात गेला आणि तिथून फोन आला. एवढी प्रचंड उलाढाल आणि त्यावर नफा इतका किरकोळ, हे काय आहे? 9,000 च्या दराने साधारण सव्वाअकराशे क्विंटल तूर विकली की आकडा 1 कोटीवर जातो, आणि चांगल्या अडतीवर एवढी तूर हंगामाच्या काही दिवसांत हलते. उलाढाल 1 कोटीवर गेली आणि रोखीचे व्यवहार 5 टक्क्यांच्या आत नसले की प्राप्तिकर कायद्याखाली लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. मालक हादरले. फोनवरच्या माणसाने मुलाला एकच प्रश्न विचारला, "तुमची अडत कच्ची की पक्की?"

पोराला प्रश्नच कळला नाही. त्याला वाटलं, कच्चं बिल की पक्कं बिल असं विचारतायत. तो म्हणाला, "पक्कीच आहे साहेब, सगळं बिलावर आहे." इथे पंचाईत आणखी वाढली.

हा भेद पुस्तकी नाही, यार्डातला आहे, आणि कायद्याने तो यार्डातूनच उचलला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं 17 मार्च 1986 चं परिपत्रक आहे, क्रमांक 452. कच्चा अडत्या फक्त दुसऱ्यासाठी माल विकून देतो, म्हणून लेखापरीक्षणाची मर्यादा मोजताना त्याची उलाढाल म्हणजे त्याचं कमिशन. मालाची किंमत धरायची नाही. पक्का अडत्या स्वतःच्या जबाबदारीवर व्यवहार करतो, त्याची सगळी विक्री धरायची. मी वीसेक वर्षं शिकवतोय. हे परिपत्रक मीही वर्गात कधी उच्चारलं नव्हतं.

मुलगा दिवाणजींकडे गेला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "तूर कुणाची?"

"शेतकऱ्याची."

"सौद्याच्या आत पाऊस आला, ढीग भिजला, तर बुडालं कुणाचं?"

"शेतकऱ्याचं."

"मग तुझ्या कम्प्युटरात ती आपली कधी झाली रे पोरा?"

त्या रात्री साडेनऊला मला फोन आला. "सर, ते लंडनवाल्याचं गणित आठवतंय का? ती आपली पट्टी आहे की हो!" मी जेवत होतो. हात तसाच धरून मी दहा मिनिटं ऐकत राहिलो. तो एकेक लावत गेला: माल पाठवणारा म्हणजे शेतकरी, एजंट म्हणजे अडत्या, पुस्तकातला 'अकाउंट सेल' म्हणजे पट्टी, एजंटाने पाठवलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, आणि डेल क्रेडेरे म्हणजे मिलवाल्याकडून पैसे यायच्या आत शेतकऱ्याला देऊन अंगावर घेतलेली जोखीम. एजंटाच्या पुस्तकात माल खरेदी म्हणून कधीच येत नाही, फक्त कमिशन उत्पन्नात येतं, हे वाक्य त्याला माझ्याच आवाजात आठवलं म्हणे. मग जरा थांबून म्हणाला, "पण एक बसत नाही सर. पुस्तकात कमिशन माल पाठवणाऱ्याकडून कापतात. इथं अडत खरेदीदार देतो."

त्याचं बरोबर होतं. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने कायदा बदलून अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी तेव्हा बाजार बंद ठेवले होते. म्हणजे पोराने पुस्तकातला आकृतिबंध ओळखला आणि तो जिथे जुळत नव्हता ती जागाही. परीक्षेत असं उत्तर लिहिणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही, कारण असा प्रश्नच आम्ही विचारत नाही.

पुढचं काम रटाळ होतं आणि तेच खरं काम होतं. दुकान काही शुद्ध कच्ची अडत नव्हतं. भाव पडले की मालक थोडी तूर स्वतःच्या नावाने घेऊन गोदामात ठेवत. ती खरेदी खरीच खरेदी. दिवाणजी चोपडीत अशा मालापुढे लाल शाईने एक छोटी फुली करत, 'घरचा माल' म्हणून. ती फुली टॅलीत कुठेच उतरली नव्हती. मुलाने एप्रिल-मे दोन महिने बसून हंगामाच्या सगळ्या पट्ट्या चोपडीशी ताडून पाहिल्या. फुलीच्या वेगळ्या, बिनफुलीच्या वेगळ्या. बिनफुलीच्या नोंदी एफ-7 ला जर्नलने फिरवल्या: मिलवाला नावे, शेतकरी जमा, अडत उत्पन्नात. त्यात जीएसटीचाही एक धागा निघाला. शेतमालाच्या विक्रीसाठी अडत्याने दिलेल्या सेवेवर कर नाही, पण भरडलेली डाळ शेतमालात धरत नाहीत. मालक कधीमधी एखाद्या मिलची डाळही कमिशनवर विकून देत. तेवढी अडत करपात्र. तूर आणि डाळ यांच्यामध्ये कायद्याची एक रेघ आहे हे घरात वर्षभर वरण खाणाऱ्या कुणाला ठाऊक असतं?

क्लासने त्याला कळ दाबायला शिकवली, कॉलेजने तत्त्व शिकवलं, आणि दिवाणजींनी विचारलं, माल कुणाचा. तिन्हींपैकी एक जरी नसतं तरी हिशेब लागला नसता. हे वाक्य लिहून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतोय असं वाटलं, म्हणून त्याच वर्गातल्या मुलीकडे वळतो. तिची गोष्ट उलटी आहे.

ती वर्गात पहिल्या पाचात. टीसी न्यायला आली तेव्हा तिचं तोंडी उत्तरही फॉर्मसारखंच होतं: "छान शिकवलं सर." पुण्याला गेली, बँकेच्या परीक्षांची तयारी केली, दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य अडली. मग एका कंपनीच्या बिलं चुकती करण्याच्या विभागात लागली. मुलाखतीत तिला दोन गोष्टी विचारल्या: एक्सेलमध्ये व्हीलुकअप येतो का, आणि पुरवठादाराने बिल दिलं पण ते जीएसटीच्या पोर्टलवर दिसत नाही, तर त्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घ्याल का? पहिलं तिने रात्री जागून व्हिडिओंवरून शिकलं. दुसऱ्याला ती 'हो' म्हणाली, कारण आमच्या पुस्तकात होतं की वैध बिल असलं की क्रेडिट मिळतं. 1 जानेवारी 2022 पासून तसं नाही. समोरच्याने आपल्या विवरणात ते बिल दाखवलं पाहिजे आणि तुमच्या 2-बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर दर महिन्याला तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात, ते उतरलं पाहिजे, तरच. ती तृतीय वर्षाला होती तेव्हा हा नियम लागू होऊन गेला होता, आणि मी वर्गात 'जीएसटीचे फायदे व तोटे' लिहून देत होतो. आठ गुणांचा प्रश्न, हमखास येणारा.

नोकरी तिला तरीही मिळाली. दर महिन्याच्या 14 तारखेला 2-बी तयार होतो आणि 20 च्या आत 3-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरण, भरायचं असतं. मधले सहा दिवस ती पुरवठादारांना फोन लावत असते. "सर, आम्हाला वाटायचं इंग्रजी कच्चं म्हणून आपण मागे पडणार," ती म्हणाली. "इंग्रजी महिनाभरात जमलं. जमत नव्हतं ते फोन उचलून अनोळखी माणसाला 'तुमचं विवरण भरलं नाहीये' असं सांगणं. कॉलेजात आम्ही कधी कुणाला काही विचारलंच नाही. तुम्ही विचारायचात, आम्ही उभं राहायचो." 2023 मध्ये कौतुक करणारी ही मुलगी 2025 मध्ये आमच्यावर जास्त नाराज होती, 'काहीच नाही' म्हणणारा मुलगा तोपर्यंत निवळला होता. महाविद्यालयाच्या फायलीत दोघांचेही फॉर्म 'अति उत्तम'.

तिसऱ्याबद्दल थोडंच. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना, सरकारी किंवा खाजगी आस्थापनेत सहा महिने. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणू लागले. या मुलाला एका सरकारी कार्यालयात जागा मिळाली. आडतीवरचा मित्र 8,000 वर राबत होता, हा पंख्याखाली बसून 10,000 घेत होता, आणि गावात कुणाचं शिक्षण 'कामी आलं' याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आडतीवरचाही डळमळला होता, नोंदणीही करून आला होता. मालकांनी पगार 10,000 केला म्हणून थांबला. मुदत पुढे सहाची अकरा महिने झाली आणि मग संपली. तिसऱ्याने त्या काळात आवक-जावक नोंदवही लिहिली, झेरॉक्स काढल्या, दाखल्यांसाठी आलेल्या लोकांना रांगेत उभं केलं. प्रमाणपत्र मिळालं. "शिकलो काय? साहेब कधी जागेवर असतात ते," असं तो म्हणतो. कॉलेजबद्दल विचारलं तर खांदे उडवतो. त्याला ना दिवाणजी भेटले, ना 2-बी. पदवीने दिलेलं काही त्याच्याकडे असेलही, ते वापरायची वेळच आली नाही, मग त्याने मत तरी कशावर बनवायचं?

पदवीधरांना पास झाल्या झाल्या गाठून विचारलं जातं, तुमचं शिक्षण कसं होतं. तेव्हा त्यांच्या हातात मोजायला काही नसतं. मग ते एकतर माया म्हणून चांगलं सांगतात किंवा हातात नोकरी नाही म्हणून वाईट. आडतीवरच्या मुलाचं मत कॉलेजमुळे बदललं नाही, एका चुकीमुळे बदललं. ती चूक मार्चमध्ये सीएंच्या ऑफिसात धरली गेली म्हणून. न धरणारं ऑफिस असतं तर तो आजही म्हणाला असता की तीन महिन्यांचा क्लास भारी.

2025 च्या दिवाळीत तो फराळ घेऊन आला. आता पगार 13,000, शिवाय संध्याकाळी आणखी दोन दुकानांचे हिशेब बघतो. मी जुनाच प्रश्न विचारला. या वेळी तो हसला नाही. "शिकवलं होतं सर तुम्ही. पण हे आमचं आहे हे सांगितलं नव्हतं. माझ्या बापाच्या पेटीत वीस वर्षांच्या पट्ट्या होत्या, आणि मी लंडनचं पाठ करत होतो."

मला हे लागलं. मी बचाव केला, की विद्यापीठाच्या पेपरात तीच गणितं येतात, तुम्हाला मार्क मिळायला हवे होते. तो गप्प बसला. माझ्या बचावात तथ्य आहे, पण ते फारसं अभिमानाचं नाही. वडिलांच्या पेटीतली एक पट्टी वर्गात फिरवायला विद्यापीठाची परवानगी लागत नव्हती. टाळेबंदीत तर ती त्याच्या घरातच होती, माझा आवाज जिथे पोचत होता तिथून शंभर पावलांवर.

त्यानंतर मी प्रथम वर्षाचं कन्साइनमेंट पट्टीपासून सुरू करतो. मुलांना घरून एकेक पट्टी आणायला सांगितली. पहिल्या दिवशी सहा आल्या. दोघांनी आणल्या पण दाखवल्या नाहीत, कारण उचलीचा आकडा मोठा होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता नाव आणि उचल झाकून फोटो पाठवा म्हणतो.

दुसरं काम अजून अधांतरी आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा नवा आराखडा संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला, त्यात पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण आहे, ओजेटी म्हणतात ते. आमची पहिली तुकडी त्या टप्प्यावर 2026-27 ला येईल. मी जुन्या विद्यार्थ्याला घेऊन त्याच मालकांकडे गेलो. मुलं घ्याल का विचारलं. मालक लगेच तयार झाले, दिवाणजी नाहीत. ते म्हणाले, "पोरं पाठवा, पण संक्रांतीच्या मागंपुढं पाठवा. दारात ढीग असतो तेव्हा. एप्रिलात येऊन काय बघणार, रिकामा काटा?" आमच्या बैठकीत ओजेटी परीक्षेनंतर, एप्रिलच्या शेवटी ठेवायचं ठरत होतं, तासिका बुडू नयेत म्हणून. जानेवारीत दोन आठवडे द्यावेत असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिलाय. वेळापत्रक समितीची बैठक व्हायची आहे.